सहाणेवरची मात्रा : बाळगुटीची परंपरा आणि तिचा विवेक

महाराष्ट्रातील बालसंगोपनात बाळगुटीला जे स्थान मिळाले, ते घरगुती औषधाच्या दुसऱ्या प्रकाराला क्वचितच लाभले असेल. बाळाच्या पोटात वारा धरला, शौचास घट्ट होऊ लागले, दूध वारंवार उलटू लागले किंवा दिवेलागणीनंतर रडणे थांबेनासे झाले, की घरातील जाणत्या बाईचा हात आपसूक गुटीच्या डब्याकडे जातो. बाळगुटी म्हणजे निवडक वाळलेली मुळे, फळे, बिया आणि साली आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात सहाणेवर उगाळून केलेले आणि बाळाला बोटाने किंवा बोंडल्याने चाटवायचे मिश्रण. बोंडले म्हणजे चोच असलेले छोटे भांडे, ज्यातून तान्ह्या मुलाच्या तोंडात थेंबाथेंबाने पातळ पदार्थ सोडता येतो. गुटीची घटकद्रव्ये प्रांतानुसार आणि घराण्यानुसार बदलतात. कोठे ती बारा असतात, कोठे वीसच्या पुढे जातात. तरीही हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, वावडिंग, ज्येष्ठमध, बदाम आणि खारीक ही नावे बहुतेक यादीत सापडतात.

गुटीचे मूल्यमापन करताना चर्चा बहुधा द्रव्यांच्या गुणावगुणांपाशीच अडकते, आणि द्रव्य किती, कोणत्या मुलाला, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यायचे हा प्रश्न मागे पडतो. ग्रंथांतील बालचिकित्सा आणि घराघरांतील जुनी रीत यांचा एकत्र अभ्यास केला, तर या परंपरेचा कणा मापात आणि बाळाच्या रोजच्या निरीक्षणात होता, हे स्पष्ट दिसते. आज द्रव्ये तयार पाकिटांतून सहज मिळतात, मात्र त्यांच्यासोबतचा संयम त्या पाकिटात येत नाही. मुलांच्या पचनविकारांवरील वनौषधींचा विचार आधुनिक बालरोगशास्त्राच्या उजेडात करायचा, तर सुरुवात या संयमापासूनच करावी लागते.

सहाण आणि वेढा

गुटी उगाळण्याची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सहाण ही मधोमध किंचित खोलगट झालेली दगडी चकती असते. ती प्रथम उकळत्या पाण्याने धुऊन घेतली जाते, तिच्यावर दुधाचे चार-सहा थेंब टाकले जातात आणि एकेक द्रव्य त्या थेंबांत गोल फिरवले जाते. अशा एका फेऱ्याला वेढा म्हणतात, काही घरांत वळसा म्हणतात. हिरडा फिरवला की दगडावर पिवळसर-तपकिरी रेघ उमटते, हळकुंडाने तिला गडद पिवळा रंग चढतो, वेखंडाचा उग्र वास लगेच नाकात शिरतो, आणि पिळलेल्या दोरासारखी दिसणारी मुरुडशेंग दगडावर खरखरत जाते. सगळी द्रव्ये फिरवून झाल्यावर सहाणेवर जो गंध जमतो, तो चिमटीतही येणार नाही इतका थोडा असतो. उगाळलेली द्रव्ये पुसून, उन्हात खडखडीत वाळवून मगच डब्यात परत ठेवायची, हा या रीतीचा शेवटचा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

वेढ्यांची संख्या बाळाच्या प्रकृतीप्रमाणे बदलत असे. शौचास घट्ट होत असेल तर हिरड्याचा वेढा वाढे, कारण हिरडा सौम्य सारक आहे, म्हणजे तो मळ पुढे सरकण्यास मदत करतो. शौचास पातळ होत असेल तर हिरडा कमी करून जायफळ, अतिविष किंवा मायफळ वाढवले जाई. ही द्रव्ये ग्राही समजली जातात, म्हणजे मळ बांधून आणणारी. पोटात वात धरून बाळ पाय पोटाशी घेऊ लागले, तर वेखंड, सुंठ आणि मुरुडशेंग यांवर भर असे. खोकला-कफ असेल तर ज्येष्ठमध आणि काकडशिंगी पुढे येई. बदाम आणि खारीक पोषणासाठी, तर काही घरांत सोन्याचा एखादा वेढा बळ आणि बुद्धी यांसाठी. सकाळी बाळाचे दुपटे पाहून, रात्रीची झोप आणि दूध ओढण्याचा जोर लक्षात घेऊन त्या दिवसाची गुटी ठरत असे. न्हाऊमाखू घालणारी बाई आणि घरातील आजी यांच्या अनुभवी नजरेवर हा निर्णय सोपवलेला असे, आणि त्यात कित्येकदा आज गुटी नको असाही निर्णय होई.

या पद्धतीत मात्रेला एक स्वाभाविक मर्यादा होती. कठीण मुळी दगडावर दोनदा फिरवून जेवढे द्रव्य सुटते, त्यापेक्षा अधिक देणे कष्टाचे होते, त्यामुळे हात सैल सुटण्याचा धोका कमी राही. तीच द्रव्ये दळून चूर्णरूपात डबीत भरली आणि चमच्याने दुधात कालवून दिली, तर पोटात जाणारे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. ज्या द्रव्यांची सुरक्षितता अत्यल्प मात्रेवर उभी होती, ती द्रव्ये चूर्ण झाल्यावर परंपरेच्या आधाराने निर्धोक ठरवता येत नाहीत. तयार गुटी विकत घेणाऱ्या पालकांपर्यंत हा भेद पोहोचणे अत्यंत आवश्यक आहे.

ग्रंथांतील बालचिकित्सा

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे अंग बालकांच्या संगोपनाला आणि आजारांना वाहिलेले आहे. या अंगाचा प्रमुख ग्रंथ काश्यपसंहिता हा दीर्घकाळ लुप्त मानला जात होता. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांना त्याची खंडित ताडपत्री पोथी मिळाली आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ती प्रसिद्ध झाली. या संहितेत लेहन या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे. लेहन म्हणजे चाटवणे. मध, तूप आणि औषधी द्रव्ये यांचे चाटण बालकास केव्हा द्यावे, याचा तेथे विचार केला आहे. सोने धुतलेल्या दगडावर पाण्यात उगाळून मध-तुपासह चाटवण्याचा विधीही याच अध्यायात येतो.

आजच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे असा भाग मात्र निषेधांचा आहे. ज्या बालकाच्या मातेला दूध नाही किंवा ज्याला ते पुरत नाही, जे निरोगी असूनही कृश आहे, ज्याला तीन-तीन दिवस शौचास होत नाही, अशांना लेहन सांगितले आहे. ज्याचा अग्नी मंद आहे, ज्याला अजीर्ण, ज्वर, अतिसार, कावीळ किंवा सूज आहे, त्याला ते देऊ नये असे बजावले आहे. खाणे झाल्यावर, आभाळ भरून आलेल्या दिवशी, न मानवणारे द्रव्य आणि अति मात्रेत चाटण देऊ नये, असेही निर्बंध आहेत. म्हणजे ज्या तक्रारींसाठी आज घाईने गुटी वाढवली जाते, त्यांपैकी कित्येकांत मूळ शास्त्र हात आखडता घ्यायला सांगते.

मात्रेविषयीही ही परंपरा काटेकोर होती. काश्यपसंहितेने नवजाताच्या औषधाची मात्रा वावडिंगाच्या एका फळाएवढी सांगितली आहे, आणि वावडिंगाचे फळ मिऱ्याहूनही लहान असते. ही मात्रा महिन्यागणिक थोडी वाढवावी, परंतु आवळ्याएवढ्या मर्यादेपलीकडे कधी नेऊ नये, असा दंडक आहे. सुश्रुतसंहितेत बालकांचे तीन वयोगट मानले आहेत : केवळ दुधावरचे क्षीराद, दूध आणि अन्न दोन्ही घेणारे क्षीरान्नाद, आणि अन्नावरचे अन्नाद. पहिल्या गटासाठी बोटाच्या दोन पेरांवर मावेल एवढी, दुसऱ्यासाठी बोराच्या आठळीएवढी आणि तिसऱ्यासाठी बोराएवढी मात्रा सांगितली आहे. केवळ दुधावरच्या मुलाच्या आजारात दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही औषध द्यावे, हे सुश्रुताचे तत्त्व विशेष लक्षणीय आहे. बाळंतिणीला ओवा, बाळंतशोपा आणि सुंठ देण्याची मराठी घरांतील चाल याच विचाराशी जुळते, कारण औषधाचा भार आईच्या प्रौढ देहाने घ्यावा आणि बाळापर्यंत त्याचा सौम्य अंशच पोहोचावा, ही त्यामागची दृष्टी आहे.

मुलांच्या अतिसार, ज्वर, कास आणि वांतीवर वैद्यांच्या वापरात असलेले बालचातुर्भद्र चूर्ण नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी या चार द्रव्यांचे बनते. अतिविषाला तर शिशुभैषज्य, म्हणजे शिशूंचे औषध, असेच पर्यायनाम आहे. मराठीत हे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेण्याचे मोठे काम शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ सारख्या ग्रंथांनी आणि वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधीसंग्रह’ या ग्रंथाने केले. घरगुती औषधांची नावे, ओळख आणि उपयोग छापील स्वरूपात उपलब्ध झाल्याने मौखिक परंपरेला आधार मिळाला.

डब्यातील द्रव्यांचा प्रवास

गुटीचा डबा उघडला, तर त्यात अर्ध्या भारताचा भूगोल दिसतो. हिरडा सह्याद्रीचा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात झाडांवरून कोवळी फळे गोळा करतात. ती वाळल्यावर काळी पडतात आणि बाळहिरडा म्हणून विकली जातात. पावसाळी भातशेतीपूर्वीच्या कोरड्या महिन्यांत या कुटुंबांच्या हाती येणाऱ्या रोख पैशाचा बाळहिरडा हा महत्त्वाचा आधार आहे. जून २०२० मध्ये आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याच्या झाडांचे नुकसान केले, तेव्हा भरपाईसाठी आदिवासींना संघर्ष करावा लागला. औषधाचे मूल्य जाणणाऱ्या समाजाने ते गोळा करणाऱ्या हातांचेही मूल्य जाणले पाहिजे.

जायफळ कोकणातील आणि गोव्यातील नारळ-सुपारीच्या बागांत सावलीत वाढते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद यांसारख्या जाती विकसित केल्याने त्याच्या लागवडीला चालना मिळाली. मुरुडशेंग रानात विपुल आढळते. काकडशिंगी आणि मायफळ ही वास्तविक फळे नव्हेत. विशिष्ट कीटकांनी झाडावर अंडी घातल्यामुळे किंवा रसशोषण केल्यामुळे तयार झालेल्या त्या गाठी आहेत, आणि त्यांतील विपुल टॅनिनमुळे, म्हणजे तुरट चवीच्या आकुंचक घटकामुळे, त्यांना ग्राही गुण येतो. अतिविष उंच हिमालयातून येते, आणि अतिरिक्त उपशामुळे ही वनस्पती संकटग्रस्त झाली आहे.

येथेच भेसळीचा प्रश्न उभा राहतो. दुर्मीळ आणि महाग द्रव्याच्या जागी स्वस्त द्रव्य येते, आणि अतिविषाच्या बाबतीत तर हा बदल जीवघेणा ठरू शकतो, कारण तीव्र विषारी बचनाग ही त्याच कुळातील वनस्पती आहे. वावडिंगाच्या नावाखाली त्याच्यासारखी दिसणारी अन्य फळे बाजारात येतात. जुन्या पेठांतील काष्ठौषधी विक्रेते, म्हणजे वाळलेल्या मुळ्या-सालींचे पिढीजात व्यापारी, हा माल हाताने चोळून, वास घेऊन आणि तोडून पारखत असत. सीलबंद पाकिटातील चूर्णाची अशी पारख ग्राहकाला करता येत नाही. शिवाय दमट हवेत बदाम आणि जायफळ यांसारख्या तेलकट द्रव्यांवर बुरशी धरते, आणि काही बुरशींपासून यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन तयार होते. द्रव्ये खडखडीत वाळवून ठेवण्याच्या जुन्या शिस्तीचे हे शास्त्रीय समर्थन आहे.

रडणारे बाळ आणि पोटातील वारा

गुटीचा सर्वाधिक आग्रह धरला जातो तो तान्ह्या बाळाच्या अनावर रडण्यासाठी. बालरोगशास्त्रात या अवस्थेला कोलिक म्हणतात. १९५४ मध्ये वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची व्याख्या मांडली : अन्यथा निरोगी बाळ दिवसातून ३ तासांहून अधिक, आठवड्यातून ३ दिवसांहून अधिक आणि ३ आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर ते कोलिक समजावे. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळांत आपोआप ओसरते. या नैसर्गिक क्रमाचा अर्थ नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महिन्यात सुरू केलेला कोणताही उपाय तिसऱ्या महिन्यात लागू पडल्यासारखा भासतो, कारण त्या काळात रडणे कमी होणारच असते. घरोघरच्या अनुभवात प्रामाणिकपणा असूनही कार्यकारण ठरवायला तो अपुरा पडतो, तो या कारणाने.

वनौषधींचा या तक्रारीवर काही परिणाम होतो का, हे नियंत्रित चाचण्यांनी तपासले गेले आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील चाचणीत कॅमोमाइल, बडीशेप, ज्येष्ठमध इत्यादींचा काढा दिलेल्या ५७ टक्के बाळांचे कोलिक थांबले, तर औषधहीन गोड पेय दिलेल्यांपैकी २६ टक्क्यांचे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रशियातील चाचणीत बडीशेपेच्या तेलाचे अत्यंत पातळ मिश्रण दिलेल्या ६५ टक्के बाळांना, तर तुलनेच्या गटातील २३.७ टक्के बाळांना गुण आला. इटलीत २००५ मध्ये बडीशेप, कॅमोमाइल आणि मेलिसा यांच्या प्रमाणित अर्काने ९३ बाळांच्या अभ्यासात रडण्याचा कालावधी घटल्याचे आढळले. वातहारक द्रव्यांविषयीची परंपरेची जाण निराधार नाही, एवढे या निष्कर्षांवरून म्हणता येते. तथापि इस्रायलच्या चाचणीत एका वेळी १५० मिलिलिटरपर्यंत काढा देण्याची मुभा होती, आणि एवढ्या पातळ पेयाने पोट भरल्यास दूध कमी प्यायले जाते, ही त्यातील मोठी अडचण आहे. बडीशेपेतील एस्ट्रागोल या घटकाच्या दीर्घकालीन परिणामांविषयीच्या शंकेमुळे युरोपीय औषध संस्थेने ४ वर्षांखालील मुलांना तिचा औषधी काढा देण्याची शिफारस केलेली नाही.

बाळंतशोपाच्या तेलावर आधारलेले ग्राइप वॉटर हे याच कुळातील व्यापारी औषध. १८५१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड यांनी ते तयार केले. मूळ मिश्रणात शोपाचे तेल, खाण्याचा सोडा आणि साखर यांच्या जोडीला ३.६ टक्के मद्यार्क होता, आणि बाळे शांत होण्यामागे त्या मद्यार्काचा वाटा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात मद्यार्क काढून टाकण्यात आला. भारतीय घरांत वसाहतकाळापासून रुजलेल्या या बाटलीने अनेक ठिकाणी सहाणेची जागा घेतली, परंतु तिच्या उपयुक्ततेचा भक्कम पुरावा अद्याप उभा राहिलेला नाही.

जपण्याच्या जागा

गुटीतील काही द्रव्यांविषयी स्पष्ट इशारे देणे हे कर्तव्यच आहे. वेखंड वाचा लवकर फुटावी म्हणून हमखास उगाळले जाते. परंतु भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन या घटकाचे प्रमाण मोठे असते, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे आतड्यात गाठी झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. जायफळाने बाळ शांत झोपते हे खरे असले, तरी त्यातील मिरिस्टिसिनसारखे घटक मेंदूवर परिणाम करतात, आणि अधिक मात्रेत ग्लानी, अस्वस्थता किंवा हृदयाची गती वाढणे अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. ज्येष्ठमध दीर्घकाळ अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. हिंगाचा लेप बेंबीभोवती लावणे वेगळे आणि तो तान्ह्याला पाजणे वेगळे, कारण हिंगाचे मिश्रण पाजल्यानंतर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटल्याचे बालकाचे उदाहरण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे.

मधाबाबत तर तडजोडीला जागाच नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. प्रौढांचे पोट त्यांना दाद देत नाही, मात्र तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे करणारे विष तयार करतात. हा आजार १९७६ मध्ये प्रथम ओळखला गेला, आणि तेव्हापासून १ वर्षाखालील मुलाला मध देऊ नये, हा जगभरचा नियम झाला आहे. जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची आणि मधात गुटी देण्याची चाल या ज्ञानापुढे सोडली पाहिजे.

जड धातूंचा धोकाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांत घासार्ड आणि बाळगोळी यांसारखी मुलांच्या पोटदुखीची औषधे शिशाच्या विषबाधेशी जोडली गेली आहेत. शिसे मुलाच्या वाढत्या मेंदूला कायमची हानी करते, आणि सुरक्षित म्हणता येईल असे त्याचे कोणतेही प्रमाण नाही. त्यामुळे परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची पूर्ण यादी नसलेली पुडी किंवा गोळी मुलाच्या तोंडाजवळही नेता कामा नये.

देण्याची पद्धतही तितकीच निर्णायक आहे. बाळाला आडवे पाडून, नाक दाबून बोंडल्याने औषध किंवा एरंडेल तोंडात ओतण्याची रीत अनेक भागांत आढळते. असे ओतलेले तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा गंभीर दाह होतो, आणि त्यातून काही बालके दगावलीही आहेत. अस्वच्छ सहाण, न उकळलेले पाणी आणि न धुतलेले बोट यांतून जुलाबाचे जंतू थेट बाळाच्या पोटात जातात. पोट बरे करण्यासाठी दिलेल्या गुटीनेच पोट बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण असावे.

या सर्व कारणांमुळे जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ यांचा सल्ला एकमुखी आहे : पहिले ६ महिने केवळ आईचे दूध; पाणी, मध, साखरपाणी, गुटी यांपैकी काहीही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात ६ महिन्यांखालील ६३.७ टक्के मुलांनाच केवळ स्तनपान मिळत होते. उरलेल्यांच्या पोटात जे जाते, त्यात वरच्या दुधाबरोबर पाण्याचा आणि चाटणांचाही वाटा आहे. स्तनपान करणारे बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पातळसर शौच करते, तसेच महिन्याच्या वयानंतर काही दिवस मुळीच करत नाही. वजन नीट वाढत असेल, पोट मऊ असेल आणि बाळ उत्साही असेल, तर दोन्ही स्थिती नैसर्गिक आहेत आणि त्यांना औषधाची गरज नसते.

जुलाब : प्रथम पाणी, मग पाला

मुलाच्या अतिसारात जिवाला धोका असतो तो शरीरातील पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन रुग्णांना पाजले, आणि मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्या जलसंजीवनीचे कार्य एका साध्या तत्त्वावर चालते : लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज शोषताना सोडियमही आत ओढतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात येते, आणि जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा शाबूत राहते. आजच्या प्रमाणित पाकिटात १ लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. तिच्या जोडीला १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस आहे, ६ महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि मोठ्या मुलाला २० मिलिग्रॅम.

ही चौकट सांभाळून मोठ्या मुलांत परंपरेतील आहार उपयोगी पडतो. मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ भात, पातळ ताक आणि साळीच्या लाह्यांचे पाणी ही मराठी स्वयंपाकघरातील पथ्ये जलसंजीवनीच्या विचाराशी सुसंगत आहेत. कच्च्या बेलफळाचा वाळवलेला गर आणि डाळिंबाची साल त्यांतील टॅनिनमुळे मळ बांधतात. पांढऱ्या कुड्याच्या सालीतील कोनेसिन हे अल्कलॉइड आमांशाच्या परजीवीवर परिणाम करते. परंतु कुडा हे बलवान औषध आहे, आणि मुलांत त्याची मात्रा प्रशिक्षित वैद्यानेच ठरवावी. शौचातून रक्त जात असेल, तर केवळ मळ बांधणारी द्रव्ये देत बसणे घातक ठरते.

जंत, बद्धकोष्ठ आणि पोटदुखी

जंतांवर वावडिंगाचे पाणी आणि डिकेमाली ही मराठी घरांतील जुनी औषधे. वावडिंगातील एम्बेलिन या घटकाचा कृमिनाशक गुण प्रयोगांत दिसला आहे. डिकेमाली हा एका झुडपाचा उग्र वासाचा डिंक आहे. तथापि जंतांच्या प्रादुर्भावाचे मूळ उघड्यावरील शौच, अनवाणी पाय आणि न धुतलेले हात यांत आहे, आणि मोठ्या लोकसंख्येसाठी अल्बेंडाझोलची गोळी स्वस्त आणि परिणामकारक ठरली आहे. २०१५ पासून भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिन राबवला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडी व शाळांतून ही गोळी दिली जाते.

बद्धकोष्ठाच्या तक्रारीमागे वर्षापुढील मुलांत बहुधा अति दूध, कमी भाजी-फळे, कमी पाणी आणि शौच रोखून धरण्याची सवय असते. भिजवलेल्या मनुका, अंजीर, पालेभाज्या आणि रोज ठरावीक वेळी शांतपणे शौचास बसवणे यांनी जे साधते, ते सारक औषधाच्या नित्य वापराने साधत नाही. ओवा, जिरे किंवा सुंठ यांचा अन्नातील माफक वापर मोठ्या मुलांच्या गॅसवर उपयुक्त आणि निर्धोक आहे. पोटात तीव्र कळ असताना मात्र एरंडेल किंवा कोणतेही रेचक देऊ नये, कारण दुखणे आंत्रपुच्छाच्या दाहाचे असल्यास रेचकाने ते फुटण्याचा धोका वाढतो.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, फुगून कडक झालेले पोट, लालसर चिकट शौच, खोल गेलेली टाळू, कोरडी जीभ, लघवी बंद होणे, ३ महिन्यांखालील बाळाला ताप, दूध ओढणे थांबणे किंवा बाळ निपचित पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. आतड्यात आतडे शिरणे किंवा जठराचे तोंड आवळणे यांसारख्या व्याधींत वेळेवर केलेली शस्त्रक्रियाच जीव वाचवते.

परंपरेतील काय पुढे न्यावे

बाळगुटीच्या वारशातील तीन गोष्टी पुढील पिढीकडे जाव्यात असे निश्चित म्हणता येते. पहिली, बाळाचे दुपटे, झोप, वजन आणि दूध ओढण्याचा जोर यांचे रोजचे निरीक्षण. आजच्या बालरोगतज्ज्ञांचे पहिले प्रश्नही हेच असतात, आणि ज्या घरात आजी याकडे लक्ष देते तेथे आजार लवकर ओळखला जातो. दुसरी, मात्रेचा धाक. औषध वनस्पतीचे असले तरी ते औषधच आहे आणि वावडिंगाएवढ्या मापाची मर्यादा ओलांडणारा हात परंपरेच्या बाहेर गेलेला आहे. तिसरी, नाही म्हणण्याची क्षमता. काश्यपाच्या निषेधांची यादी आजच्या ज्ञानाने वाढवायची, तर तिच्यात ६ महिन्यांखालील वय, मध, चूर्णरूप वेखंड आणि नाव-गाव नसलेली पुडी ही चार नावे सर्वप्रथम लिहावी लागतील.

संशोधनाची जबाबदारीही मोठी आहे. हिरडा, मुरुडशेंग, अतिविष आणि वावडिंग यांसारख्या द्रव्यांची मुलांतील सुरक्षित मात्रा प्रमाणित अर्कांवर, नियंत्रित चाचण्यांतून आणि पारदर्शक नोंदींतून ठरवली जायला हवी. आयुर्वेद महाविद्यालयांचे कौमारभृत्य विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे बालरोग विभाग यांनी हे काम एकत्रितपणे हाती घेतले, तर शतकानुशतकांच्या अनुभवातील सोने आणि कीड वेगळी करता येईल. तोपर्यंत तान्ह्याचे उत्तम औषध आईचे दूध, जुलाबाचे उत्तम औषध जलसंजीवनी, आणि कोलिकचे उत्तम औषध काळ, धीर आणि बाळंतिणीला मिळणारी विश्रांती हेच आहे. थकलेल्या आईच्या हातून रडणारे बाळ काही काळ आपल्या खांद्यावर घेणारी आजी, काका किंवा बाप हे या उपचाराचे पहिले घटकद्रव्य आहे, आणि ते प्रत्येक मराठी घराने मुबलक मात्रेत द्यावे.